पंधरा नंबरचा पाचवा फाऊल

बास्केटबॉलच्या सामन्यात एक माणूस असा असतो, की त्याच्याकडे कुणीही बघत नाही. लोक खेळाडूंकडे बघतात, बॉलकडे बघतात, शिव्या द्यायच्या असतील तेव्हा पंचांकडे बघतात. मैदानाच्या कडेला, बरोबर मध्यावर एक टेबल मांडलेलं असतं आणि त्याच्यामागे एक जण मान खाली घालून लिहीत बसलेला असतो. तो स्कोअरर. छत्तीस वर्षं तो माणूस मी होतो.

पोटासाठी मी इस्लामपूरजवळच्या एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक होतो. पण कुणी विचारलं, की तुम्ही आयुष्यभर काय केलंत, तर तोंडात पहिल्यांदा 'टेबलावर बसलो' हेच येतं. सांगली, सातारा, कऱ्हाड, वाई, कुठंही सामने असले की मला बोलावणं यायचं. एसटीचं भाडं, एक वडापाव आणि शेवटी नारळ, एवढ्यावर मी खूश असायचो.

या अंकाच्या संपादकांनी मला टेबलावरच्या गमतीजमती लिहायला सांगितल्या. गमती आहेत आणि मी त्या सांगणारही आहे. पण माझ्याकडे एक गोष्ट अशी आहे, जी सांगितल्याशिवाय बाकीच्या सांगायचा मला हक्क नाही. ती आमच्या मगदूम सरांची आहे.

आधी कामाबद्दल थोडं. स्कोअररच्या समोर एक मोठा छापील कागद असतो. त्यावर दोन्ही संघांच्या खेळाडूंची नावं आणि नंबर असतात, आणि प्रत्येक नावापुढे पाच चौकोन. खेळाडूनं धक्काबुक्की केली, म्हणजेच फाऊल केला, की पंच शिट्टी वाजवतात, टेबलाकडे वळतात आणि हातानं त्याचा नंबर दाखवतात. स्कोअररनं त्या नावापुढचा एक चौकोन भरायचा. पाच चौकोन भरले की खेळाडू बाहेर, मग तो कितीही मोठा असो. आमच्या वेळी जर्सीचे नंबर चारपासून पंधरापर्यंत असायचे. पंचांनी नुसता उघडा पंजा दाखवला तर पाच नंबर. एका हाताची मूठ आणि दुसऱ्याचा पंजा दाखवला तर पंधरा. एवढं लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्या मुठीत आहे.

मगदूम सर सांगलीच्या आमच्या कॉलेजात खेळाचे संचालक होते. उंची बेताची, अंगावर पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि सायकल. घराणं जैन शेतकऱ्यांचं. सूर्य बुडाल्यावर सर जेवत नसत, पाणीसुद्धा घेत नसत. आमचं कोर्ट सिमेंटचं होतं आणि एक बोर्ड बरोबर पश्चिमेला होता. संध्याकाळी सूर्य उतरत उतरत त्या रिंगेच्या उंचीला आला, की सर शिट्टी वाजवत. "सूर्य रिंगेत आला, चला." सराव बंद. मग बाकावर बसून ते डबा उघडत. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी वांग्याची भाजी. समोर कुणी उभं असलं तर त्यालाही अर्धी भाकरी मिळायची. माझ्यासारखी वसतिगृहातली पोरं त्या वेळी मुद्दाम समोर उभी राहायची.

सरांनी मला काय शिकवलं, असं विचारलं तर पास आणि ड्रिबल मी विसरून गेलोय. सरांचा एक रिवाज मात्र विसरलो नाही. संघातल्या प्रत्येक खेळाडूनं वर्षातून पंधरा दिवस टेबलावर बसून लिहायचंच. आम्ही कुरकुरायचो. सर म्हणायचे, "जो लिहितो त्यालाच खेळ दिसतो. आणि एक ध्यानात ठेवा, टेबलावर बसलेल्याला कॉलेज नसतं." टेबलावर रबर ठेवायला त्यांची बंदी होती. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे अशी. बरोबर काय ते शेजारी लिहायचं आणि तिथं आपली सही करायची. "चूक झाकायची नाही रे. चुकीवर सही करायची."

सामना सुरू असताना सर टेबलाकडे कधी बघत नसत. दुसऱ्या कॉलेजांचे प्रशिक्षक दर पाच मिनिटांनी येऊन कागदात डोकावायचे. आमचे सर पाठ फिरवून बसायचे. टेबलावर त्यांनी तयार केलेला पोरगा असला, तर पाहुण्या संघाचे लोकही डोकावत नसत. मगदूम सरांच्या पोरानं लिहिलं म्हणजे बघायला नको, अशी आख्ख्या पट्ट्यात ख्याती होती.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामने भरले. गुडघा दुखावल्यामुळं मी संघाबाहेर होतो. सर म्हणाले, "माने, खेळता येत नाही तर लिही." अंतिम सामना आमचा आणि साताऱ्याच्या कॉलेजचा. आमचा सगळा भार रफीक बागवानवर, जर्सी नंबर पंधरा. रफीक इस्लामपूरचा, फळवाल्यांचा मुलगा, माझा खोलीतला जोडीदार. त्यांचा कप्तान विलास शेडगे, साताऱ्याजवळच्या फौजींच्या गावातला, सहा फूट दोन इंच, पुढं स्वतःही सैन्यात गेला.

नियमानं टेबलावर साताऱ्याचाही एक जण हवा होता. पण त्यांची आठच मुलं आलेली, आठही जर्सीत. त्यांचे सर हसून म्हणाले, "मगदूमांचं पोरगं बसलंय ना? मग झालं."

चार मिनिटं राहिली होती. आम्ही दोन गुणांनी मागं होतो. शेडगे रिंगेखाली उडाला, रफीक त्याच्या अंगावर गेला, शिट्टी वाजली. पंच माझ्याकडे वळले. एका हाताची मूठ, दुसऱ्याचा पंजा. पंधरा. मी स्वच्छ बघितलं. रफीकच्या नावापुढं चार चौकोन आधीच भरलेले होते. रफीकनं माझ्याकडे बघितलं. तो काही बोलला नाही, मान हलवली नाही, डोळा मारला नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर तसंही बोललं गेलं. मी मान खाली घातली आणि पाच नंबरच्या मुलापुढचा दुसरा चौकोन भरला.

साताऱ्याच्या बाकावरून ओरडा झाला. शेडगे धावत टेबलाशी आला. "अवो, पंधराचा हाय त्यो! पाचवा झाला त्याचा, भायेर काडा की!" पंच आले. त्यांनी त्या दिवशी सकाळपासून तिसरा सामना घेतला होता, आवाज बसला होता. त्यांनी विचारलं, "किती लिहिलंस?"

"पाच नंबर, सर. तुम्ही पंजा दाखवलात."

पंच क्षणभर आपल्याच हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू मगदूम सरांचा ना? मग बरोबर असेल. चला, खेळा."

उरलेल्या वेळात रफीकनं तीन बास्केट केले. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

का केलं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मित्रासाठी केलं. ते खरं नाही. माझा गुडघा बांधलेला होता, पोरं नाचणार होती, फोटो निघणार होता, आणि त्या विजयात माझाही हात असावा असं मला वाटलं. तेवढंच.

सामना संपल्यावर साताऱ्याचे सर आमच्या सरांकडे आले. आवाज चढला नव्हता, पण चेहरा लाल झाला होता. सरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "माने, पंधरा का पाच?"

"पाच, सर."

सर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "माझा पोरगा खोटं लिहिणार नाही." आणि मग अर्धा तास ते माझ्या बाजूनं बोलत राहिले. तेवढ्यात सूर्य रिंगेत आला, रिंगेखाली गेला आणि बुडाला. डबा बाकाखाली तसाच होता. पाणी न पिता सरांनी तो सायकलला अडकवला आणि ते घरी गेले. मला वसतिगृहात त्या दिवशी जिलबी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला सरांनी पाच नंबरच्या मुलाला सहज विचारावं तसं विचारलं, "काल शेवटी ती शिट्टी झाली, तेव्हा तू कुठं उभा होतास?"

"पलीकडच्या रिंगेखाली, सर. फाऊल झाला त्याच्या दुसऱ्या टोकाला."

"बरं," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दुपारी त्यांनी जिंकलेली ढाल टॉवेलात गुंडाळली, एसटीत बसले आणि साताऱ्याला जाऊन देऊन आले.

बस, तिथून सगळं फिरलं. सांगलीत लोक म्हणू लागले, की मगदूमांनीच पोराला लिहायला लावलं, आणि आता अंगाशी आलं म्हणून ढाल परत केली. त्या वर्षी विद्यापीठाच्या संघाला शिकवायला सर जाणार होते. विचारणा झाली तेव्हा सरांनी एवढंच सांगितलं, "कागद माझ्या माणसानं लिहिला. जबाबदारी माझी." विद्यापीठाचा संघ दुसऱ्याकडे गेला. त्या माणसाचं नाव सरांनी विद्यापीठाला सांगितलं नाही. मी पुढं व्हायला हवं होतं. क्रीडाशिक्षकाच्या कोर्सला माझा अर्ज गेलेला होता, त्याला सरांचाच दाखला जोडला होता. मी गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी सरांनी मला बोलावलं.  सर म्हणाले, "रविवारी मिरजेत टेबल पंचांची परीक्षा आहे. तुझं नाव दिलंय."  मी परीक्षा दिली, पहिला आलो, आणि त्या टेबलामागून साठी जवळ येईपर्यंत उठलो नाही. ती शिक्षा होती का बक्षीस, हे मला कळायला फार वर्षं लागली. आता वाटतं, सरांना दोन्हीत फरकच दिसत नसावा.

आता कबूल केलेल्या गमती.

वाईला एकदा शाळांचे सामने होते. कोर्टाच्या कडेला एक आजी फतकल मारून बसलेल्या, ओटीत शेंगा. नातू खेळत होता. त्याच्या संघाचा बास्केट झाला की एक शेंग उजव्या बाजूला, समोरच्यांचा झाला की डाव्या बाजूला ठेवायच्या. सामना संपला, नातवाचा संघ एका गुणानं हरला, आणि आजी टेबलाशी आल्या. "मास्तर, तुमचं चुकलंय. माज्या शेंगा बगा." मी म्हटलं, बघू. शेंगा मोजल्या, कागद ताडून बघितला. आजींनी फ्री थ्रोला, म्हणजे फाऊलनंतर कुणी आडवं नसताना टाकायच्या चेंडूलासुद्धा, आख्खी शेंग धरली होती. मी समजावलं, की त्याला एकच गुण असतो, बास्केटला दोन, म्हणजे त्याची अर्धी शेंग. आजी म्हणाल्या, "का? रिंग तीच, चेंडू त्योच. कुनी आडवं न्हवतं ह्यो काय माज्या नातवाचा गुना हाय?"  जाताना त्यांनी अर्ध्या शेंगा मला दिल्या. म्हणाल्या, "मोजून घ्या. तुमाला सवय हाय."

एका कारखान्याच्या गावी बक्षीस समारंभाला अध्यक्ष आले होते. दोन्ही संघ त्यांच्याच संस्थेच्या शाळांचे. सामना संपायला मिनिट उरलेलं. अध्यक्ष खुर्ची ओढून टेबलाशी आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, दोनी पोरं आपलीच हायती. बरोबरीत सोडवा."

"साहेब, या खेळात बरोबरी नसते. बरोबरी झाली तर पाच मिनिटं जादा खेळवतात."

"मग खेळवा की."

"तेव्हाही कुणीतरी जिंकणारच."

अध्यक्ष विचारात पडले. "ह्यो कसला खेळ? निवडणुकीपेक्षा वंगाळ."

आणि एकदा आमच्याच शाळेच्या मुली तालुक्याच्या अंतिम सामन्यात एका गुणानं पुढं होत्या. वेळ संपली. कागद बंद करताना मला दिसलं, की पूर्वार्धात समोरच्यांचा एक बास्केट मी चुकून आमच्या बाजूला मांडलाय. कुणालाही दिसलं नव्हतं. मी एक रेघ मारली, शेजारी सही केली आणि पंचांना बोलावलं. आमच्या मुली तीन गुणांनी हरल्या. मुख्याध्यापक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण दोन जिल्ह्यांत नाव झालं. माने सरांचा कागद म्हणजे शिलालेख, असं एका सत्कारात कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, "डोकं दुखतंय," आणि जेवलो नाही. प्रत्येक सत्कारानंतर माझं डोकं दुखायचं. बायको बिचारी म्हणायची, "तुम्हाला हाराची फुलं सोसत नाहीत."

दर दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन सरांकडे जायचो. दरवर्षी ठरवून जायचो, की या वेळी सांगायचं. सर विचारायचे, शाळा कशी आहे, पोरं लिहितात का. मी म्हणायचो, लिहितात. शाळेतल्या प्रत्येक पोराला मी टेबलावर बसवत होतोच. चहा घ्यायचो आणि परत यायचो.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात छताचं नवीन कोर्ट उभं राहिलं. माजी विद्यार्थ्यांची बैठक भरली. कोर्टाला मगदूम सरांचं नाव द्यावं असं कुणीतरी सुचवलं आणि टाळ्या झाल्या. मग आमच्या वेळचे जिमखान्याचे सेक्रेटरी उठले. "सर मोठे होते, वादच नाही. पण ते ढालीचं प्रकरण लोकांच्या अजून लक्षात आहे. उद्या कुणी पेपरात लिहिलं तर सरांनाच या वयात त्रास." दोन-चार माना हलल्या. विषय पुढच्या बैठकीवर ढकलायचं ठरू लागलं. सर तेव्हा नव्वदीच्या घरात. पुढच्या बैठकीवर ढकलायला आमच्याकडे तरी किती बैठका उरल्या होत्या?

मी उभा राहिलो. गुडघा तोच, कुरकुरणारा.

"तो कागद मी लिहिला होता," मी म्हणालो. "पंचांनी पंधरा दाखवलं, मी पाच लिहिलं. जाणूनबुजून. सरांना माहीत नव्हतं. सरांनी मला विचारलं तेव्हा मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो."

पंखे फिरत होते. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "माने सर, आता या वयात कशाला?"

"या वयातच. पुढच्या वयाची खात्री नाही."

"मग सरांनी ढाल परत का केली?"

"कारण ती आपली नव्हती."

यावर काही जण बोलले, की हे तुम्ही सरांच्या प्रेमापोटी अंगावर घेताय. आयुष्यभर इतकं खरं लिहिलं, की माझं खोटं कुणाला खरं वाटेना. शेवटी ठरलं, की साताऱ्याच्या त्या संघातलं कुणी लेखी दिलं तर नाव पक्कं.

रात्री रफीकला फोन केला. इतक्या वर्षांत आम्ही लग्नाकार्यात भेटलो, एकमेकांच्या दुःखात गेलो, पण त्या चार मिनिटांचा विषय कधी काढला नव्हता. मी सांगितलं.  तो म्हणाला, "गड्या, तू लिवलंस ते एकदा. मी त्याच्यावर चार मिन्टं खेळलो. मला काय ठावं न्हवतं व्हय माजा पाचवा झाल्याला? सकाळी गाडी काडतो. दोघं जाऊ."

इस्लामपूरहून निघालो. मागच्या सीटवर रफीकनं डाळिंबांची पेटी ठेवलेली. कऱ्हाड मागं पडेपर्यंत तो व्यापाराचं बोलत होता. पुढं अजिंक्यतारा दिसायला लागला तसा त्यानं गाडीचा वेग कमी केला.

शेडगे निवृत्त सुभेदार. साताऱ्याबाहेर टुमदार घर, दाराशी तुळस आणि तिच्या शेजारी, विटांना चुना लावून आखलेला, फौजी शिस्तीचा बगीचा. दार त्यानंच उघडलं. अजून ताठ, फक्त केस गेलेले. त्यानं रफीककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पंधरा नंबर. आनि टेबल."

पाणी प्यायच्या आधीच मी बोलून टाकलं. "शेडगे, तो फाऊल पंधराचा होता. मी मुद्दाम पाच लिहिलं. माफी मागायला आलोय."

शेडगे एकदम उठला आणि आत तोंड करून ओरडला, "अगं ए! भायेर ये! लगीन झाल्यापास्नं म्हनत हुतो का न्हाई, पंधराचाच हुता म्हनून? ऐक आता! खुद टेबल आलंय सांगाया!"

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, लय उपकार झाले. आता तरी हे झोपेत बोलायचं सोडतील." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

शेडगे माझ्यासमोर बसला. मी म्हटलं, तुला राग येत नाही? तो म्हणाला, "आला हुता की. लय आला हुता. पर दुसऱ्या दिशी तुमचं सर आलं. आमाला वळीत हुबं क्येलं आनि समोर हात जोडलं. म्हनलं, 'फाऊल पंधराचाच होता. चूक आमची. पोराचं नाव कुठं काढू नका, त्याला अजून लांब जायचंय.' एवढा मानूस आमच्यासारक्या पोरांम्होरं हात जोडतोय, मग राग कुटला? तवापास्नं साताऱ्यात मगदूम सरांबद्दल कुनी वंगाळ बोललं न्हाई. बोलला आसाल तर तुमी सांगलीवाले."

 इतकी वर्षं मला वाटत होतं, की सरांचं नाव मी साताऱ्यात घालवलं. साताऱ्यात ते शाबूत होतं. ते आम्ही आमच्याच गावात घालवलं होतं.

शेडगेला माझी कीव आली असावी. मांडीवर थाप मारून म्हणाला, "तवा काय, चार मिन्टं राहिल्यात. खेळायची का परत?"

रफीक म्हणाला, "मला न्हाई जमायचं. पाच फाऊल झाल्यात माजं."

त्यावर शेडगे इतका हसला, की वहिनी कप घेऊन पळत आल्या. मग त्यानं फौजी अक्षरात, नाव, हुद्दा, पत्ता घालून अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. वाचून दाखवलं, घडी घातली आणि खिशात ठेवली. "माज्या हातानं देतो. मीबी येतो सांगलीला."

सर मुलीकडे राहतात. ऐकू कमी येतं, चालतात काठीनं. आम्ही तिघं पोचलो तेव्हा ते पश्चिमेच्या गॅलरीत बसले होते. मी खुर्चीजवळ खाली बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "सर, पंधरा का पाच, असं तुम्ही विचारलं होतं. पंधरा, सर."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग मुलीला म्हणाले, "ती निळी फाईल आण."

स्कोअरशीटच्या तीन प्रती होतात. एक आयोजकांकडे जाते, एकेक दोन्ही संघांकडे. आमच्या संघाची कार्बनची प्रत सरांनी ठेवली होती. कागद पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला. माझं कॉलेजातलं अक्षर. पाच नंबरपुढचा दुसरा चौकोन. सरांनी त्यावर बोट ठेवलं आणि खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

मी त्या खुणेवर एक रेघ मारली, खालचं दिसेल अशी. पंधरा नंबरपुढचा पाचवा चौकोन भरला. शेजारी सही केली. ती सही माझ्या कुठल्याच सहीसारखी आली नाही. सरांनी भिंग लावून ती बघितली. मग रफीककडे बघून म्हणाले, "तू बाहेर." रफीकनं मान खाली घालून "व्हय, सर" म्हटलं, आणि सर हसले. त्या सामन्यानंतर सरांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

कोर्टाला सरांचं नाव लागलं. पहिला सामना सांगली आणि साताऱ्याचा झाला. टेबलावर दोन्हीकडच्या मुली बसल्या होत्या आणि मी त्यांच्या कागदात एकदाही डोकावलो नाही.

पण मला आठवते ती गॅलरीतली संध्याकाळच. फाईल आत गेली. आम्ही उठायला लागलो तसा सरांनी हात वर केला. डोळ्यांवर तळवा धरून त्यांनी पश्चिमेकडे बघितलं. समोर कोर्ट नव्हतं, बोर्ड नव्हता, शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी होती. सर मुलीला म्हणाले, "सूर्य रिंगेच्या वर आहे अजून. पानं वाढ. चौघांची."